घरच्या लाईनवर थ्री-फेज चक्की

मार्गशीर्षातला शनिवार. सकाळी धुकं, दहानंतर ऊन.

विचारताच आहात तर सांगतो. बाजारातलं दुकान सोडावं लागलं, तेव्हा पिठाची चक्की मी घरी आणली. पोट तिच्यावरच होतं. पण तिची मोटर थ्री-फेज आणि घरची लाईन सिंगल. बटण दाबलं की मोटर नुसती गुणगुणायची, फिरायची नाही.

वायरमन डोमाजी म्हणाला, "पुलीला दोरी गुंडाळून झटका द्या, धावते. पण दम अर्धाच राहते जी. मूठमूठ दाणे टाका."

खरंच धावली. बायकोनं नारळ फोडला. शेजारची देवकाबाई पाच किलो तांदूळ घेऊन आली. मी मूठमूठ टाकू लागलो.

"काऊन भाऊ, कोंबड्यायले चारून राहिले का?" म्हणत तिनं अख्खा डबा चक्कीत उपडा केला.

मोटर मंदावली. धूर निघाला.

"भाऊ, पीठ जळून राहिलं का?"

"पीठ नाही बाई, मोटर."

डोमाजी येऊन पाहून म्हणाला, "आता थ्री-फेजच घ्या जी."

"अर्ज करून वर्ष झालं," बायको म्हणाली. "वीजवाले खांबच नाही म्हणतेत."

मोटरचं वाइंडिंग पूर्ण जळलं. सव्वा किलो पीठ निघालं, उरलेले तांदूळ देवकाबाईनं परत नेले.