‘विंडो’ची नोंद आणि माझे वडील

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील पाहुणे, आज निवृत्त होणारे आमच्या शब्दकोशाचे मुख्य संपादक सर, वहिनी, आणि मघापासून चहाकडे डोळे लावून बसलेल्या सहकाऱ्यांनो,

सरांविषयी चार शब्द बोलायचा मान मला दिलात, आभारी आहे. कौतुकाचं भाषण मी घरून लिहूनच आणलं होतं. पण दारात गौरविका हातात पडली, तिच्यातला सरांचा ‘विंडो’ शब्दावरचा लेख वाचला, आणि ते भाषण पर्समध्येच राहिलं.

लेख सुंदरच आहे हो. ‘विंडो’ हा मुळात जोडशब्द, जुन्या नॉर्स भाषेतून इंग्रजीत आलेला. वारा आणि डोळा. भिंतीतला वाऱ्याचा डोळा! आपल्या ‘गवाक्षा’तही डोळाच आहे, गाईचा. कुठली कोण माणसं, पण भिंतीला भोक पाडलं की सगळ्यांना डोळाच कसा आठवतो? हा प्रश्न मला पडला होता. कोशातली ‘विंडो’ची ती नोंद माझी. आमच्याकडे प्रत्येक शब्दाच्या कार्डाच्या कोपऱ्यात नोंद करणाऱ्याची आद्याक्षरं लिहितात. छपाईच्या वेळी सर म्हणाले, "अहो बाई, कोश सगळ्यांचा. आद्याक्षरं कशाला?" मला पटलं. एकवीस वर्षं सरांचं सगळंच पटत आलं.

पण लेखाचा शेवट? "माझे वडील अंथरुणाला खिळले होते. रोज सकाळी म्हणायचे, घराचा डोळा उघड, जरा जग आत येऊ दे."

वहिनी, तुमच्या सासऱ्यांना आम्ही सगळ्यांनी पाहिलंय. सत्तरीतसुद्धा सायकलवरून सरांचा डबा आणून द्यायचे. अंथरुणाला खिळलेले ते माझे वडील. ते गेल्यावर मी कामावर परतले, तेव्हा सरांनी केबिनचं दार लोटून घेतलं. "रडा, मोकळ्या व्हा," म्हणाले. त्या दिवशी हे मी सांगितलं. फक्त सरांना. सख्ख्या भावालाही कधी सांगितलं नव्हतं.

हो अध्यक्ष महोदय, चिठ्ठी मिळाली. संपवतेच.

सर, मला फार लागलंय. तरी तुम्हाला उत्तम आरोग्य लाभो, हे मनापासून म्हणते. आयोजकांचे आभार. बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल, तर सभागृहानं पोटात घालावं.

नोंद तुमच्याकडेच राहू द्या, सर. माझे वडील तेवढे मला परत द्या.