घोट्याखालची गाठ

शनिवार, दिनांक १५ फेब्रुवारी २०२५ रोजी दुपारी दोन वाजून पाच मिनिटे ते तीन वाजून चाळीस मिनिटे या वेळात माझ्या उजव्या पायाचे बँडेज माझ्या परवानगीशिवाय सोडण्यात आले, आत एक वस्तू ठेवण्यात आली व ते पुन्हा बांधण्यात आले. वेळ अंदाजे नाही. गोळी घेताना आणि जाग आल्यावर, दोन्ही वेळा मी घड्याळ पाहिले आहे.

मी, धम्मदीपा सोपान ओव्हाळ, वय ६३ वर्षे, व्यवसाय निवृत्त परिचारिका, राहणार कासार आंबोली, तालुका मुळशी, जिल्हा पुणे, आज सोमवार दिनांक १७ रोजी ठाण्यात समक्ष हजर राहून जबाब देते की,

मी सरकारी रुग्णालयात छत्तीस वर्षे नोकरी केली, त्यातली शेवटची वीस ऑपरेशन थिएटरमध्ये. दिनांक ९ जानेवारी २०२५ रोजी श्री. सोपान ओव्हाळ, वय ६६, निवृत्त शाळा लिपिक, यांच्याशी माझा नोंदणी विवाह झाला. त्यांचा दुसरा, माझा पहिला. "या वयात कसं काय, मॅडम?" असे हवालदार अमोल यांनी विचारले. उत्तर या जबाबाचा भाग नाही. प्रश्न विचारला गेला, याची मात्र नोंद घ्यावी.

लग्नानंतर पंचविसाव्या दिवशी, ३ फेब्रुवारीला, माझ्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी वाढलेल्या हाडाचे ऑपरेशन झाले. सात टाके, हाडात एक तार. ५ तारखेला घरी आले. पाय दोन आठवडे उशीवर ठेवायचा, ड्रेसिंग दिवसातून एकदाच, आणि जखमेत घाण गेली तर अंगठा वाचण्याची खात्री नाही, असे सर्जन डॉ. निषाद यांनी बजावले होते. ड्रेसिंग माझे मीच करते. ते मी दुसऱ्या कोणाच्या हाती दिलेले नाही.

नवी नवरी पलंगावर आणि नवरा चुलीपाशी, हे पाहायला निम्म्या वस्तीतल्या बायका येऊन गेल्या. शेजारच्या चिमाबाई, वय अंदाजे ५८, शेळ्या पाळतात व आमच्याकडे भाकरी करायला येतात. त्या म्हणाल्या, "बाई, पायात जोडवी न्हाईत, म्हनून आलं ह्ये पायावर." मी त्यांना सांगितले की थिएटरमध्ये अंगावर धातू चालत नाही, मला ती सवय नाही आणि आमच्या लग्नात त्याची गरजही नव्हती. त्या म्हणाल्या, "नर्सबाईंच्या पायात व्हती की."

नर्सबाई म्हणजे माझ्या पतीच्या पहिल्या पत्नी, कै. चांगुणा ओव्हाळ. त्या याच गावच्या आरोग्य उपकेंद्रात अठ्ठावीस वर्षे नर्स होत्या. जानेवारी २०२० मध्ये वारल्या.

शनिवार, ८ तारखेला दुपारी गोळीच्या गुंगीत मला झोप लागली. जाग आली तेव्हा बँडेजला गाठ होती. मी बँडेज आतून बाहेर, इंग्रजी आठच्या आकड्यासारखे गुंडाळते आणि टोक चिकटपट्टीने बंद करते. गाठ कधीही मारत नाही. गाठ रुतते, त्यासाठी मी कित्येक शिकाऊ मुलींना बोलणी ऐकवली आहेत. इथे टोक मधोमध फाडून त्याच्या दोन शेपट्या केल्या होत्या, त्यांची गाठ बाहेरच्या घोट्याच्या खाली, जिथे ती रुतत नाही अशा खळग्यात होती, आणि उरलेल्या शेपट्या आत खोचल्या होत्या. काम नीटनेटके होते, हे मला कबूल करावे लागते.

मी पतीला विचारले. ते म्हणाले, "सिस्टर, मी कशाला हात लावू? मला बुटाची नाडी धड बांधता येत नाही." ते मला सिस्टर म्हणतात. आमची ओळख रुग्णालयातली आहे.

बोलण्यावर विश्वास ठेवून चालत नाही, म्हणून रविवारी मी चिमाबाईंसमोर पतीकडून डाव्या, चांगल्या पायाला बँडेज बांधून घेतले. वीस मिनिटे लागली. मी पाय हलवताच ते घरंगळून उशीवर पडले. चिमाबाई म्हणाल्या, "दादा, शेळीची तंगडी मोडली तर तुमाला नगं बोलवाया." आदल्या दिवसाची गाठ मी कापून, पुरावा म्हणून बशीत ठेवली होती. ती मी चिमाबाईंना दाखवली. त्यांचे हसणे थांबले. गाठीला हात न लावता त्या म्हणाल्या, "ह्यो नर्सबाईंचा हात हाय. त्यांच्या दवाखान्यात चिकटपट्टी कवाच नसायची. टोक फाडून अशीच बांधायच्या. आमच्या पोराचा, मल्हारचा पाय बांधला, तवा बी हितंच गाठ व्हती."

माझे पती उठून झाडांना पाणी घालायला गेले. झाडांना पाणी सकाळीच घालून झाले होते.

त्यानंतर ११, १२ आणि १३ तारखेला हाच प्रकार घडला. मी खोलीला आतून कडी लावून झोपत होते. खिडकीला लोखंडी जाळी आहे. जाग आल्यावर कडी तशीच असे. थिएटरमध्ये जखमेजवळ किती कापडे गेली आणि किती परत आली याची मोजणी होते. मी घरीही मोजत होते. १२ तारखेला मी चार गॉझ ठेवले, काढताना पाच निघाले. पाचवा मात्र गॉझ नव्हता. धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती लुगड्याची घडी होती, उकळून वाळवलेली. तिला उन्हाचा वास होता.

शनिवारी, १५ तारखेला, मी ड्रेसिंग केले, टोकावर चिकटपट्टी लावली आणि अर्धी पट्टीवर, अर्धी बँडेजवर येईल अशी सही केली. कडी लावली. कडीत चमचा अडकवला. पती आणि चिमाबाई बाहेर अंगणात पावटा सोलत होते. दोघे एकमेकांसमोर होते, असे दोघेही सांगतात.

तीन चाळीसला जाग आली. चमचा कडीत होता. माझ्या सहीची चिकटपट्टी एकही सुरकुती न पाडता पाण्याच्या पेल्याच्या काठावर चिकटवलेली होती. पट्टी पुन्हा वापरता यावी म्हणून तुटवड्याच्या दवाखान्यातल्या नर्स तसे करतात. पायाला गाठ होती. मी कडी काढून दोघांना आत बोलावले आणि त्यांच्यासमोर बँडेज सोडले. अंगठ्याशेजारच्या बोटात चांदीचे एक जुने जोडवे होते. एका बाजूने झिजलेले, दुसऱ्या बाजूने कापलेले, आणि कापल्या जागी लाल दोऱ्याने बांधलेले.

चिमाबाई आल्या पावली मागे सरकल्या. पती म्हणाले, "हे तिच्याबरोबर गेलं होतं. मी स्वतः दोऱ्यानं बांधून तिच्या पायात घातलं, तिला नेताना." मी त्यांना खोटे बोलताना अजून पाहिलेले नाही. पण लग्नाला अजून सहा आठवडेही झालेले नाहीत.

आज सकाळी डॉ. निषाद यांनी पाय तपासला. सातपैकी सहाच टाके होते. जोडवे सापडल्यापासून टाके मोजायचे माझ्याकडून राहिले होते. ते म्हणाले, "हा टाका पिकायला लागला होता. राहिला असता तर अंगठ्यावर आलं असतं. कुणी काढला? हात चांगला आहे." मी त्यांना सांगितले की मी त्याच हाताविरुद्ध तक्रार द्यायला निघाले आहे.

हवालदार अमोल म्हणतात की नुकसान झालेले नाही, उलट फायदाच झाला, मग गुन्हा कशाचा लिहायचा. माझे म्हणणे असे की कोणी बंद घरात शिरून भांडी लख्ख घासून गेले, तरी ते शिरणेच आहे. त्यांनी एका देवऋषीचा फोन नंबरही देऊ केला. मी ठाण्यात आले आहे, देवळात नाही.

ते जोडवे मीही ओळखले, असे मी सांगितले; कशावरून, असे त्यांनी विचारले. त्याचे उत्तर देणे भाग आहे.

नोव्हेंबर २०१९ मध्ये कै. चांगुणा ओव्हाळ यांच्या उजव्या पायाचे ऑपरेशन आमच्या थिएटरमध्ये झाले. साखरेने पाय सडला होता. कमरेखाली भूल होती, त्या शुद्धीवर होत्या. बोट सुजल्याने जोडवे निघत नव्हते. वेळ नव्हता. मी छोट्या करवतीने ते कापले. काप जरा तिरका गेला. माझ्या हातून असे सहसा होत नाही, म्हणून लक्षात आहे. त्यांनी मान उचलून पाहिले आणि म्हणाल्या, "मला विचारायचं तरी होतंत, सिस्टर. मी नाही म्हटलं नसतं." मी ते पाकिटात घातले, पाकिटाला चिकटपट्टी लावली, तिच्यावर सही केली आणि बाहेर बसलेल्या त्यांच्या पतीच्या हातात दिले. त्यांचे पती म्हणजे आज माझे पती.

नियमाप्रमाणे ते योग्य होते. आजही कापीन. आधी विचारीन.

शनिवारनंतर मी दुपारची गोळी घेतलेली नाही, झोपलेले नाही, आणि गाठ पडलेली नाही. तेव्हापासून माझे पती पलंगाच्या पायथ्याशी खुर्ची टाकून बसतात. पहारा देतो, म्हणतात. पहारेकरी दाराकडे बघतो. ते माझ्या पायाकडे बघतात. काल तीनच्या सुमारास ते हळूच म्हणाले, "सिस्टर, थोडा वेळ झोपता का?"

तार निघायला अजून महिना आहे. त्या घरात मी राहायचे की नाही, हे मला तारेआधी ठरवायचे आहे. ही सेवा माझ्या पायाची चालली आहे, की माझ्या पायात दुसऱ्या कोणाचा पाय बरा केला जातो आहे, हे कळल्याशिवाय ते ठरणार नाही.

ठाण्याने जोडवे जप्त करतो म्हटले. ते बोटातून निघत नाही. सूज आहे. दोरा कापून ते फाकवावे लागेल, असे हवालदार म्हणाले. मी नकार दिला आहे. ज्यांचे आहे त्यांना विचारलेले नाही.

वरील मजकूर मला वाचून दाखवायची गरज पडली नाही. मी चष्मा लावून तो दोनदा वाचला, तीन जागी शुद्धलेखन दुरुस्त करून घेतले. तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.

या तक्रारीचे उत्तर मला शुक्रवार, दिनांक २१ फेब्रुवारी रोजी दुपारी दोनच्या आत लेखी मिळावे. दोन वाजता मी गोळी घेणार आहे. पतीला त्या वेळी अंगणात बसायला सांगितले आहे. पलंगाशेजारच्या स्टुलावर कोरा कागद आणि पेन ठेवलेले आहे. उत्तर ठाण्याकडून न आल्यास ज्यांच्याकडून येईल त्यांनी तिथे लिहावे. कडी लावणार नाही.

सही
धम्मदीपा सो. ओव्हाळ