वाळवलेल्या पेशी

अंधेरीच्या वॉर्ड ऑफिसात रुचिका आईच्या मृत्यूच्या दाखल्यासाठी रांगेत उभी होती. मागे एक कोळीणबाई आणि तिची संशोधक लेक बोलत होत्या.

"सारखा फोन काय बघतेस गो?"

"वाळवलेल्या पेशींवर लॅबमध्ये आज पाणी घातलंय. दुष्काळात सुकून पुन्हा जगणाऱ्या अळीच्या पेशी. जगल्या तर चमकतील, असं जनुक घातलंय मी. नाहीतर तीन वर्षं वाया."

"मी जन्मभर बोंबील वाळवले. पाण्यात टाकून एक तरी पोहला काय?"

"आई, गप ना!"

लेकीचा फोन वाजला.

"शंभरात नऊच चमकल्या."

"नऊ जगल्या, आणि तोंड काय पाडतेस गो?"

"मथुरा राणे?" खिडकीतून पुकारा झाला.

"मी त्यांची मुलगी," रुचिका म्हणाली. आईचं नाव निघालं की कापणारा तिचा आवाज आज कापला नाही.