आप्पा व्हायचं लायसन

…आन् म्या म्हणलं, लायसन? अवो, कशाचं लायसन? मोटारीचं न्हाई, खताच्या दुकानाचं न्हाई… आप्पा व्हायचं लायसन! तुम्हाला सांगतो, छप्पन्न वर्षांचा बाप्या मी, कासुर्डीचा रखमाजी, पोटची पोरं न्हाईत पर दोनशे कोकरं ह्या हातांनी वाढवलीत, आन् मला कागद येतोय की घरात पोरगी ठेवलीय तर परवाना दावा! हसू नका. हसायला पुढं जागा हाय. तर कोकरांचं म्हंजी कसं, आमचं वडील मोठा कळप घेऊन पार कोकणात उतरायचं, तिथं भाताच्या खाचरात… ऱ्हाऊ द्या. विषयाला धरून बोला! हे वाक्य मला एका म्याडमनी शिकवलं. त्या कोण ते बी सांगतो, पर लायनीनं.

पोरगी म्हंजी तेजश्री. आता नऊ वर्षांची हाय, आमच्याकडं आली तवा सहाची. आई वारली, बापाचा पत्ता न्हाई, मामा-काका कुणी म्होरं आलं न्हाई, दोन वर्षं पुण्याला संस्थेत व्हती. ती आणली हर्षदाताईंनी. ह्या ताई बालकल्याणाच्या कामावर, स्कुटीवर येत्यात, हेल्मेट काढलं की चहा न्हाई, पाणी न्हाई, पैला सवाल, 'पोरगी कुठाय?' त्यांनीच बानूबाईला, म्हंजी आमच्या मंडळीला, समजावलं व्हतं, 'मावशी, हे दत्तक नाही, सांभाळायला देणं आहे. जबाबदारी तुमची, हक्क सरकारचा.' बानू म्हणली, 'हक्काचं काय लोणचं घालायचंय मला? पोर घेऊन या.'

आली ती गप. आठ म्हैने गप! हाक मारायची तर 'ओ'. 'ओ, पाणी द्या.' 'ओ, दप्तराचा बंद तुटला.' मला बी ओ, बानूला बी ओ, दोघं बी एकदम उठायचो! आन् एक दिवस मी बांधावर बसलोय, मागनं आरोळी आली, 'आप्पाऽऽ, मेंढरं मेथीत!' तुम्हाला सांगतो, मेथी काढणीला आल्याली, बारा मेंढरं आत शिरल्याली, आन् मी हितं खांबागत उभा. बानू काठी घेऊन पळत्या, 'अवो, हाकला की!' म्या म्हणलं, 'बानू, आप्पा म्हणली!' 'मेथी गेली!' 'जाऊ दे, आप्पा म्हणली!' …दोन वाफं गेलं. जाऊ द्या. विषयाला धरून बोलतो.

तर गेल्या साली हर्षदाताई आल्या, पोरगी कुठाय इचारलं, शाळेत हाय म्हणल्यावर गपकन बाजंवर बसल्या. तवाच वळखलं, काय तरी वंगाळ हाय. म्हणल्या, 'आप्पा, पालकांच्या परवान्याचे नवीन नियम येतायत. अजून पक्के नाहीत, मसुदा आहे. लोकांकडून हरकती आणि सूचना मागवल्यात.' आन् बावीस पानं हातात दिली. मी चौथी पास, वाचाया बसलो, तर एकेक कलम म्हंजी मला बघूनच लिवल्यागत! पालक दहावी पास असावा. मी बाद. बालकाला स्वतंत्र खोली असावी. आमचं घर दोन खणांचं, म्होरं पडवी. बाद. झोपायच्या जागेपासनं पन्नास फुटांत जनावर नसावं. अवो, थंडीचं कोकरू चुलीम्होरं येऊन बसतंय, त्याला कोण सांगणार पन्नास फूट? बाद! आन् नवरा-बायकोच्या वयाची बेरीज शंभराच्या वर नसावी. बेरीज! तुम्ही कवा बायकोची आन् तुमची बेरीज केलीती का? आम्ही केली. मी छप्पन्न, बानू एक्कावन्न, एकशे सात. बानू म्हणली, 'आजून एक वाढला की अँबुलन्सच दारात.' म्या म्हणलं, 'अगं, कुठली येती? आधार कार्डावर दोघांचा बी जलम एक जूनचा. एकशे आठ लागायचंच न्हाई, डायरेक्ट एकशे नऊ!'

लई हसलो. आन् मग शेवटचं पान वाचलं. जे पालक सहा म्हैन्यांत अटी पूर्ण करणार नाहीत, त्यांच्याकडील बालकास अन्यत्र वर्ग करण्यात यावे.

हसू गेलं. कागद पत्र्याच्या पेटीत, लुगड्यांच्या खाली. पर पोरगी वाचणारी हो! वाण्याकडनं आल्याला पुड्याचा कागद बी वाचल्याशिवाय टाकत न्हाई. दुसऱ्या दिवशी सांजच्याला मेंढरांना पाला टाकतोय, ही कागद घेऊन हजर. 'आप्पा, अन्यत्र हा कुठला वर्ग असतो? मी तर तिसरीच्या वर्गात हाय.'

बानू भाकरी थापत व्हती, तिचा हात तसाच परातीत. म्या म्हणलं, 'बाळा, ते सरकारी मराठी हाय, आपल्याला न्हाई कळत.' तिला कळलं. लगीच कळलं. कागदाची नीट घडी घातली, माझ्या हातात दिली, म्हणली, 'मग त्यास्नी सांगा, मला ह्योच वर्ग पायजे.'

म्हणून निघालो. दौंड आन् शिरूर, दोन्ही तालुक्यांची सुनावणी शिरूरला. चौफुल्याला एष्टी हुकली, एक फुलवाल्याची पिकअप घावली. बानू ड्रायवरशेजारी, राणीवानी! मी मागं शेवंतीच्या पोत्यांवर. न्हावऱ्यापतूर शिंकत गेलो. सुनावणी मंगल कार्यालयात, आदल्या दिवसाचं लगीन झाल्यालं, पाट्या तशाच. हरकतवाले बसवल्यात वरपक्षात, सूचनावाले वधूपक्षात! मी उतरलो तर टोपीत पाकळ्या, कानात पाकळ्या, दारावरचा शिपाई म्हणतोय, 'आबा, वऱ्हाड काल गेलं.'

नंबर दिला सतरा. तीन मिन्टं बोलायचं, मग बेल. मदी बसल्याल्या त्या म्याडम, सुनावणी घेणाऱ्या. पैलाच माणूस उठला, 'सर्वप्रथम मी आयोजकांचे, व्यासपीठावरील मान्यवरांचे, तसेच ज्यांनी ही संधी…' टिंग! झाली तीन मिन्टं. म्याडम म्हणल्या, 'विषयाला धरून बोला.' दुसरा आला त्यानं शाळेपुढच्या गतिरोधकाचं काढलं. 'विषयाला धरून बोला!' मी मनात म्हणतोय, बोला की, आमचा विषय घरी मेंढरांपाशी वाट बघत बसलाय! मी तर भाषान पाठच केल्यालं. तीन दिवस मेंढरांम्होरं उभं ऱ्हाऊन म्हणत व्हतो, 'म्याडम, तुमचा कागद तुमच्यापाशी ठेवा! माया करायला नियम लागत न्हाईत!' मेंढरांनी लई मन लावून ऐकलं व्हतं.

आन् माझ्या आदी सोळा नंबर उठला. पोरगी, तेवीस-चोवीसची, प्रांजल नाव सांगितलं, दौंडला दवाखान्यात नर्स हाय म्हणली. हातात कागद न्हाई. म्हणली, 'मी नऊ वर्षांची असताना मला एका घरात सांभाळायला दिलं. दोघंही पदवीधर होते. मोठं घर होतं. मी तिथं चार वर्षं भांडी घासली. झोपायला मोरीजवळची जागा. तपासणीला साहेब यायचे, पण आधी फोन यायचा. फोन आला की मला नवा फ्रॉक घालायचे, त्यांच्या मुलीच्या कॉटवर बसवायचे, हातात बाहुली द्यायचे. साहेब विचारायचे, खूश आहेस ना? ती दोघं दारात उभी असायची. मी हो म्हणायचे.' 'स्वतंत्र खोली लिहा. आतून कडी लिहा. नियम सैल करू नका.'

तीन मिन्टं कवाच झाल्याली. बेल वाजली न्हाई. म्याडमचा हात बेलवर तसाच व्हता.

आन् पुकारा झाला, 'नंबर सतरा!'

तुम्हाला सांगतो, माझं सगळं भाषान कुठल्या कुठं गेलं. माया करायला नियम लागत न्हाईत म्हणणार व्हतो मी! त्या पोरीम्होरं! माईक हातात घेतला तर तो किंचाळला, मी दचकलो, टोपीतली पाकळी खाली पडली. म्हणलं, 'म्याडम, मी इरोधात आलो व्हतो. आता काय बोलावं कळंना. आम्ही मेंढरंवालं. कोकराची आई मेली की ते दुसऱ्या मेंढीला लावावं लागतं…' 'आबा, विषयाला धरून बोला.' म्हणलं, 'म्याडम, ह्योच इषय हाय. मेंढी लगीच घेत न्हाई. लाथा मारती. आपण बघतोय तवर उभी ऱ्हाती, आपण वळलो की ढकलून देती. म्हणून चार-पाच दिवस तिच्यापाशी बसावं लागतं, मदीच उठून जायचं, मदीच यायचं. कोकराचं पोट चाचपून बघायचं. त्याशिवाय कळत न्हाई. तवा तुम्ही फोन करून येऊ नका. कवा बी या. ह्या सोळा नंबरच्या पोरीला ठेवलं व्हतं त्या घरी कुणी सकाळी सातला न सांगता गेलं असतं तर एका दिवसात कळलं असतं. माझ्या घरी बी तसंच या. कडी म्हणाल तर कडी लावतो. शाळा कमी पडती तर शिकवा, शिकतो. पर म्याडम, वयाची बेरीज… ती काय मला कमी करता येत न्हाई.'

हॉल हसला. म्याडम बी हसल्या. मी न्हाई हसलो. म्हणलं, 'आन् पोरीला इचारा. आमच्याम्होरं न्हाई, आम्हाला भाईर घालवून इचारा. आन् ती जर का न्हाई म्हणली, तर…' म्होरचं सोडून मी टोपीच काढली. तर तिकडं वधूपक्षात, बायकांत बसल्याली बानू उठली! जल्मात चार माणसांत बोलली न्हाई ती बाई, पदर सावरून उभी, 'न्हाई म्हणली तर आमचं चुकलं म्हणायचं. लिवा.'

टिंग!

आन् म्याडमनी लिवून घेतलं! अवो, सोताच्या हातानं. लिवलं, मला वाचून दावलं आन् इचारलं, 'असंच ना, आबा?' हापिसात उभ्या जल्मात मला 'पुढच्या आठवड्यात या' म्हणल्यात, 'झेरॉक्स आणा' म्हणल्यात. 'असंच ना?' कुणी कवा इचारलं नव्हतं. त्या बाईंचं कितीबी आभार मानलं तरी कमीच. भाईर आलो तर प्रांजल पायरीवर बसल्याली. बानू तिच्यापाशी गेली, डब्यातली चटणी-भाकरी म्होरं केली. तिघं बी तिथंच जेवलो, ते बी वरपक्षाच्या पाटीखाली.

मग पाच म्हैने! स्कुटी वाजली की बानू दारात. एक दिवस आल्या हर्षदाताई, फोन न्हाई, काय न्हाई. 'पोरगी कुठाय?' घरात व्हती. म्हणल्या, 'तुम्ही दोघं जरा लांब जा.' आम्ही गेलो बांधाला. लिंबाखाली त्या दोघी, एक तास! मी गवताची एकेक काडी मोडतोय, बानू म्हणती, 'हसतीया का बघा.' म्या म्हणलं, 'पाठ हाय हिकडं.' काय बोलली ते ताईंनी आजून सांगितलं न्हाई, आम्ही बी इचारलं न्हाई. पर जाताना ताईंनी पैल्यांदा चहा मागितला. तवा बानू आत जाऊन रडली.

पक्के नियम आले. आधीपासनं पोर सांभाळणाऱ्यांना वयाची सूट, जनावराचं कलम गाळल्यालं. दहावीच्या जागी शिकवणी आन् परीक्षा. झोपायला वेगळी, सुरक्षित जागा, दाराला आतनं कडी. ते प्रांजलचं, त्या पोरीनं किती पोरांवर उपकार केलं ते तिला बी ठाव नसंल. आम्ही पडवी बंद करून दार लावलं, कडी तेजश्रीनं सोता दुकानात निवडली. आन् न सांगता भेट! ते माझं. छापून आलंय. आता भोगतोय कोण? मीच! सकाळी सहापासनं बानू मला सदरा घालून बसवती. मागच्या म्हैन्यात म्याडम सोता आल्या, मी हौदावर, डोळ्यांत साबण. पोरगी त्यास्नी म्हणतीया, 'थांबा, आमचं आप्पा धुऊन झालं की येत्याल!'

ऱ्हायली परीक्षा. सात शनवार शिरूरला शिकवणी, मग वीस प्रश्न. पोरीनं घरी आमची तयारी घेतली, हातात पट्टी घेऊन! 'आप्पा, मूल रागावलं तर पालकांनी काय करावं?' म्या म्हणलं, 'गप बसावं, बायको सांगंल तसं करावं.' 'चूक! शांतपणे ऐकून घ्यावं!' अवो, तेच तर सांगत व्हतो! निकाल लागला. बानूचं तोंडी घेतलं, वीसात सतरा. माझं लेखी, नऊ. पास दहाला. पोरगी म्हणली, 'आप्पा, आमच्यात पन एकजण नापास हाय, तो बी रडत न्हाई.' म्हैन्यानं परत बसलो. अकरा!

आन् परवा आलं बघा लायसन. पिवळं कार्ड, फोटो, शिक्का, सगळं. अशी छाती फुगवून वाचाया घेतलं. मुख्य पालक, बानूबाई रखमाजी. आन् खाली बारीक अक्षरात… कुटुंबातील अन्य व्यक्ती, एक. नाव बी न्हाई! म्या म्हणलं, 'बानू, हे चुकलंय, हरकत घ्यायला पायजे.' बानूनं कार्ड घेतलं, पोरीला दावलं, पोरीनं तिला वरनं खालपतूर नीट वाचून दावलं, आन् पोरगी म्हणती, 'पर आप्पा, ह्यात चुकलंय काय?'