बरोबर असंल तं उभं राहा

आता तुमी हासाल, पण सांगतो. बालाघाटले आमा मास्तरायची ट्रेनिंग झालती. साहेब म्हणे, पोरं वर्गात बसून बसून सुस्तावतात, शिकवता शिकवताच त्यायले हालवा.

दुसऱ्या दिवशी मी नववीले सांगितलं, "वाक्य बरोबर असंल तं उभं राहा, चूक असंल तं बसूनच राहा."

म्हटलं, "सूर्य पृथ्वीभोवती फिरते." कोणीच उठलं नाही. मी खूश.

मंग म्हटलं, "पृथ्वी सूर्याभोवती फिरते." तरी कोणी उठलं नाही.

"काहून रे, एवढंबी येत नाही?"

मागून एक पोरगी म्हणे, "येते ना सर. पण सकाळपासून वाकून धानाचा रोवणा लावून आलो, कंबर धरली. बसाले भेटते म्हणून तं शाळेत येतो."