वस्तादांचे हात

मंडळी, ऐका! आज एकच प्रश्न — माया करायची म्हणजे नक्की काय करायचं? सोपं वाटतंय? मग ते पुढचे आजोबा मान खाली का घालतायत? घालू नका! गोष्ट तुमची नाही. तुमच्यासारख्याच एकाची आहे!

धोंडीराम वस्ताद. गावच्या तालमीचे. कुणाचा पाय मुरगळला, कुणाची कंबर धरली, की माणूस यांच्या दारात! तेल लावून चोळलं, की गडी उड्या मारत घरी. आणि या वस्तादांना चीत करणारी जगात एकच — दीड वर्षाची नात, राजवी! दिवसभर आजोबांच्या मांडीवर. आईनं बोलावलं तरी जायची नाही!

एके दिवशी सकाळी राजवीला अंगणवाडीत मांडीवर लसीची सुई टोचली. सिस्टरनं सुनेला, प्रणोतीला, बजावलं, "मांडी दुखेल, ताप येईल, घाबरायचं नाही. सांगितलंय तेवढंच औषध द्या. गार पाण्याची घडी ठेवा. आणि चोळायचं नाही बरं का!"

सुनेनं घरी येऊन शब्दन् शब्द सांगितला. वस्तादांनी ऐकला. पण सांगतंय कोण? सिस्टर! तिनं कधी आखाडा बघितलाय? सून पाणी आणायला आत वळली, आणि हे — तेलाची वाटी घेऊन हजर!

"ये गं माझी वाघीण! आत्ता कळ घालवतो बघ."

अंगठा टेकला मात्र — पोरीनं असा टाहो फोडला, की तालमीतले पैलवान लंगोटावर धावत आले! राजवी लंगडत आईकडे. आजोबांनी हात पुढं केला, तर किंचाळली. त्या हातांना भ्याली हो!

हसू नका. वस्तादांचं तोंड एवढंसं झालं. पोर आता आपल्याकडे येते की नाही, या धास्तीनं घास उतरेना.

"प्रणोती, आता मी काय करू गं?"

"काहीच करू नका, आबा. नुसतं बसा."

नुसतं बसायचं! पैलवानाला याहून मोठी शिक्षा आहे का? पण बसले. दोन्ही हात मांडीखाली दाबून! सून घडी बदलते, घोट घोट पेज पाजते, अंग तापल्यावर औषध देते. आबा बघतात, जीव तुटतो, पण हात बाहेर नाही!

दिवेलागणीला ताप उतरला. राजवी उठली. आजोबांकडे निरखून पाहिलं — हात दिसतात का? नाही! मग आली. मांडीवर चढली, दुखरा पाय लांब सोडला, आणि झोपली. वस्तादांच्या हातांना मुंग्या आल्या, तरी काढले नाहीत. डोळ्यांतून धार लागली — पुसणार कशानं?

मंडळी, तुमच्या घरातही कुणाला तरी सुई टोचलेली असते. लेकीचं लग्न मोडलंय, भावाची नोकरी गेलीय. आणि आपण काय करतो? "का मोडलं? कशी गेली?" — सकाळ-संध्याकाळ तिथंच चोळतो! वर म्हणतो, मायेनं विचारलं! आज घरी जा, त्या माणसाशेजारी गप बसा. पाणी द्या, जेवायला वाढा. बोलायचं तेव्हा ते आपणहून बोलेल.

तोवर हात फारच शिवशिवत असतील, तर वाजवा टाळी, आणि घ्या देवाचं नाव!