मुठ्याळ नाचणीची पाटी

ऐका. ऐकताना हात मात्र थांबू देऊ नका, वालाच्या शेंगा काही आपणहून सोलल्या जायच्या नाहीत. तो कंदील जरा अलीकडे घ्या. हं.

उंबरधारेवर कोंडाबाईचं घर होतं. डोंगराच्या पोटाशी बिलगलेलं, पुढं उतारावर पायऱ्या-पायऱ्यांचं शेत. शेत एवढंसं, पण सगळं घरचं. घरचं शेण, घरचं खत, कुंपणावर घेवडा, मागच्या भिंतीच्या कोनाड्यात मधमाश्या. विकत काय यायचं? मीठ, सुई आणि रॉकेल. बी तर कधीच नाही. बी विकत आणायचं म्हणजे कोंडाबाईला आई विकत आणल्यासारखं वाटायचं.

त्या घरात येसू सून म्हणून आली. कामाला वाघ, पण भित्री. भित्री म्हणजे किती? कोंबडी फडफडली की दचकायची. कुत्रं भुंकलं की हातातलं सांडायची. घरचं कुत्रं बरं का, तिच्याच हातची भाकर खाणारं! कोंडाबाई म्हणायची, हिच्याजवळ सावलीनंसुद्धा खोकून यावं लागतं.

आणि त्या साली व्हायचं ते झालं. येसू भरली घागर घेऊन आत येत होती, उंदीर पायावरून पळाला, घागर सुटली ती नेमकी बियाण्याच्या कणगीवर. पेरणीच्या आधीच सगळ्या बियाला मोड! तो वाण साधा नव्हता. मुठ्याळ नाचणी. कणीस मुठीसारखं मिटलेलं, पावसात कुजायचं नाही, पाखराला उघडायचं नाही. कोंडाबाई खाली बसून मोड आलेलं बी सुपात भरू लागली. रागावली असती तर येसूला बरं वाटलं असतं.

आता तो वाण आणखी एकाच घरात. येसूच्या माहेरी, खिंडीपलीकडे. आपल्याकडे सोयरीक झाली की दोन्ही घरं एकमेकांना बी देतात ना, ते कशासाठी? एकाचं बुडालं तर दुसऱ्याकडे राहावं म्हणून. येसू उन्हं वर यायच्या आत निघाली, माहेरी पोचली. पण बी पाखडायचं, निवडायचं, राखेतून काढायचं, दिवस कलला. भाऊ म्हणाला, राहा आजची रात्र. त्याची गाय अडलेली, गोठा सोडून त्याला सोबत येता येईना. येसूनं आभाळाकडे पाहिलं. काळं झालं होतं. घरी राब, म्हणजे रोपांची जागा, भाजून तयार. उद्या बी पडलं नाही तर वर्ष गेलं आणि वाण गेला.

"मी सांडलं," ती म्हणाली, "मीच नेणार."

आईनं चुंबळ ठेवली, पाटी डोक्यावर दिली आणि रीत सांगितली. तुम्हालाही ठाऊक आहे, तरी ऐका. बी वाटेत खाली ठेवायचं नाही. जिथं टेकलं, तिथलं झालं. घरी गेल्यावरही आणणारीनं ठेवायचं नाही. घरातल्या थोरल्या बाईनं आपल्या हातानं उतरवून घ्यायचं.

निघाली. खिंडीत शिरली आणि अंधार पडला.

त्या खिंडीखाली धावजीचं पडीक रान आहे. हा धावजी कोण? ज्या दुष्काळात सगळी वाडी उपाशी निजली पण बियाला हात लावला नाही, त्या दुष्काळात रात्री उठून, एकट्यानं, बियाणं दळून खाल्लं तो. वाडीनं पुन्हा बी दिलं. तेही खाल्लं. मेला तेव्हा रानात कुसळंसुद्धा उगवत नव्हती. पण मेला म्हणून भूक मरते का?

तर येसू चालली आहे. आपल्याच पैंजणाला दचकते आहे. वळणावर एक म्हातारी. पुढ्यात लाकडांची मोळी.

"पोरी, दोन हात लाव गं. मोळी डोक्यावर दे."

दोन हात! म्हणजे पाटी खाली ठेवायला हवी. म्हाताऱ्या माणसाला नाही म्हणायची आपली पद्धत नाही, येसूचीही नव्हती. पण ती पुटपुटली, "नाही ठेवत," आणि बाजूनं निघाली. मागून हसू आलं. बाईचं नव्हे. बाप्याचं.

येसू चालतच राहिली. मग पाटी जड झाली. आधी कोणी मूठभर वाळू टाकल्यासारखी, मग धोंडा ठेवल्यासारखी. मान खांद्यात गेली. डोळ्यांपुढं काजवे. आणि तेवढ्यात पाटीखाली मागून कुणीतरी हात दिला. भार उतरला. नवऱ्याचा आवाज, अगदी त्याचाच: "अगं, न्यायला आलोय. दमलीस. सोड पाटी."

काय वाटलं असेल सांगा! रडू आलं तिला. हात सुटायलाच आले होते. पण ती म्हणाली, "पुढं या. तोंड दाखवा."

पुढं कोणी आलं नाही.

"मग नाही ठेवत," येसू म्हणाली. या वेळी जरा मोठ्यानं.

धावत सुटली. उतार संपला आणि समोर घर. तोच कुडाचा गोठा, तेच अंगण, ओसरीवर दिवा आणि दारात कोंडाबाई. सासूनं कधी नव्हे तो गोड आवाज काढला, "आलीस बाई? ठेव, ठेव खाली. बस."

येसू वाकली. पाटीची कड हातात आली. आणि थांबली.

का थांबली? ऐका हं, गोष्टीचा जीव इथं आहे. ती दचकली नव्हती. अंगणात आली तरी दचकली नव्हती! कुत्रं भुंकलं नाही. कोंबडी फडफडली नाही. गोठ्यात गाय हलली नाही. शेणाचा वास नाही, चुलीचा धूर नाही. रोज जे घर तिला दहा वेळा दचकवायचं, ते घर गप्प होतं.

"आत्याबाई," ती म्हणाली, "तुम्ही उतरवा. तुमच्या हातानं."

"तूच ठेव."

"उतरवा म्हणते ना."

दिवा विझला. घर नाही, अंगण नाही. येसू उभी होती धावजीच्या रानात, एक पाय बांधाच्या कडेवर. खाली दरी. समोर म्हातारा, तोंडात काही नसताना चावतो आहे. चावतो आहे आणि वाट अडवून उभा आहे.

"दे," म्हणाला. "भूक लागली."

दात वाजत होते तिचे. कापत होती, अंगभर कापत होती. पण बोलली. "खायला नाही देणार. वाडीनं दिलं तेही तू खाल्लंस. हे माझ्या घरचं आहे, मी सांडलं होतं, मी परत नेते आहे. नाही ठेवत! जा!"

आणि काय केलं? डोक्यावरची पाटी डोक्यावरच. एक हात वर घातला, मूठभर बी घेतलं आणि त्याच्या रानात दूर फेकलं. "घे. हे तुझ्या मातीचं. पेर. जन्मात नाही केलंस, आता कर."

म्हातारा गुडघ्यांवर पडला. अंधारात दाणे वेचू लागला. येसू पळाली. मागून पदराला ओढ बसली, टरकन फाटला, तरी पळाली. खऱ्या अंगणात आली तेव्हा कुत्रं असं काही भुंकलं की बाई टुणकन उडाली आणि पाटी डोक्यावरून सुटली!

खाली पडली? नाही. कोंडाबाईचे दोन्ही हात पाटीखालीच होते. अंधार पडल्यापासून ती अंगणात उभी होती.

पाटी छातीशी धरून म्हणाली, "दचकलीस ना? मग घरी आलीस."

दुसऱ्या दिवशी बी पडलं. तुम्ही सकाळी जी भाकर खाल्ली, ती त्याच वाणाची.

आणि धावजीच्या रानात दर साली मुठ्याळ नाचणीचं एवढंसं ठिगळ उगवतं. म्हाताऱ्यानं पेरलं की त्याच्या वेचण्यातून राहिलेलं उगवलं, हे त्याला विचारायला कोणी गेलं नाही. कापत कोणी नाही. तुम्हीही जाऊ नका. दिवेलागणीनंतर खिंडीची ती वाट धरायची नाही, मग मागून कोणीही हाक मारो, अगदी मीसुद्धा. आणि कधी अडलं, धरावीच लागली, तर डोक्यावरचं खाली ठेवायचं नाही. दचका, कापा, रडा. ठेवू नका.

हं, घ्या, ही शेवटची टोपली सोला आता.